तळाचा माल

पाकवाल्यांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी जगाला ते पाकवाले. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे पाकवाले" म्हणायची. तोंडावर अर्थात "अहो". एकेचाळीस वर्षं त्यांनी गोळ्या आणि जेली बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात साखरेचा पाक केला. मध्यम म्हणजे, शिट्टी होती पण उपाहारगृह नव्हतं.

संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या मागोमाग मुंग्या येत. ही थट्टा नव्हे. शर्टाच्या बाह्या साखरेने इतक्या कडक झालेल्या असत की खुंटीवर न टांगता भिंतीला टेकवून ठेवल्या तरी उभ्या राहाव्यात. बायको म्हणायची, "तुमची येण्याची वेळ मला चुकेल, मुंग्यांना चुकायची नाही. लग्न त्यांच्याशीच करायचं होतंत."

"विचारलं होतं," पाकवाले म्हणायचे. "त्यांच्या घरच्यांनी पत्रिका मागितली."

कारखान्यात त्यांचा शब्द अखेरचा. मालकांनी मध्ये एकदा तापमान मोजायचं यंत्र आणलं. पाकवाल्यांनी त्याला जावयासारखं वागवलं. मान दिला, जागा दिली, विश्वास मात्र ठेवला नाही. पाक झाला की नाही हे ते बुडबुड्याच्या आवाजावरून सांगत. आधी तो बडबडतो, मग पुटपुटतो आणि मग एकेक शब्द मोजून बोलायला लागतो. तिसऱ्या पायरीला कढई उतरवायची. यंत्राचा काटाही नेमका तिथेच पोचलेला असे. पाकवाले त्याच्याकडे बघून म्हणत, "शिकतोय, शिकतोय."

पण त्यांची खरी करामत उतरवल्यानंतरची. ढवळणी बंद करायची, झाकण अर्धं ठेवायचं आणि दहा मिनिटं कढईला कुणी बोट लावायचं नाही. याला ते विसावा म्हणत. "एवढा उकळलाय बिचारा, दम खाऊ द्या त्याला." त्या दहा मिनिटांत आतली हवा वर येऊन फुटून जाई आणि मग वरचा पाक डावाने साच्यांत ओतला की जेली पडे ती काचेसारखी. आरपार वर्तमानपत्र वाचता यावं अशी. दुसऱ्या कारखान्यांच्या जेलीत बुडबुडे असत, यांच्या जेलीत नसत. त्या दहा मिनिटांत कुणी शिंकलं तरी पाकवाले वळून बघत.

आणि मग तळ. साचे भरून झाल्यावर कढईच्या बुडाशी दोनतीन बोटं पाक राही. घट्ट, गडद, चिवट. साच्यात तो नीट बसत नसे. थोरल्या मालकांच्या वेळेपासूनची रीत अशी की शनिवारी शेवटची कढई खरवडायची आणि तो तळाचा माल कामगारांनी वाटून घरी न्यायचा. प्रत्येकाचा डबा ठरलेला. गल्लीतली पोरं शनिवारी संध्याकाळी कुठल्याही हाकेशिवाय गोळा होत, कारण सगळ्या जेलीत सर्वांत चविष्ट कुठली म्हणाल तर तळाची. रंग, वास, स्वाद जे काही जड असेल ते खाली उतरून तिथे मुरलेलं. पाकवाल्यांची लेक त्याच मालावर वाढली. मैत्रिणींना ती ऐटीत सांगायची, "दुकानात मिळते ती पातळ. आमच्याकडची खरी."

पुढे दातांचे डॉक्टर आणि मुलांच्या आया यांची युती झाली आणि गोळ्या-जेलीचा खप बसला. थोरले मालक गेले, धाकटे आले. धाकटे हुशार होते. त्यांनी पाहिलं की आयांना मुलांनी गोड खाल्लेलं चालत नाही, पण मुलं झोपलेली चालतात. वर्षाच्या आत कारखान्यात त्याच कढया, तेच साचे, तेच पाकवाले आणि नवी डबी. डबीवर डोळे मिटलेला ससा. खाली ओळ: मुलांसाठी सौम्य झोपेची जेली. एका जेलीत एक मिलिग्रॅम मेलाटोनिन. आत जायची ती एक पांढरी भुकटी, मोठ्या डब्यातून मोजून आलेली, पाक उतरवायच्या जरा आधी टाकायची. कामगार तिला झोपेची भुकटी म्हणत. डबी दुकानात साबण आणि टूथपेस्टच्या शेजारी मिळायची. डॉक्टरची चिठ्ठी नको, काही नको.

भुकटीबरोबर पांढरा कोट घातलेली एक तपासनीस बाईही आली. पोरगेलीच होती. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "काका, भुकटी टाकल्यावर ढवळत राहा हं शेवटपर्यंत."

"ढवळतो की चांगलं. मग विसावा."

"विसावा कशाला?"

सगळे हसले. पाकवाले नाही हसले, पण त्यांनी तिला प्रेमाने समजावलं, "मॅडम, तुमच्या वयाएवढी वर्षं मी याच्याशी बोलतोय. बुडबुड्याची जेली आपल्या कारखान्यातून जात नाही." धाकट्या मालकांनाही काचेसारखी जेलीच हवी होती. कोटवाली बाई गप्प बसली. तिला रोज एक जेली तपासायला मिळे, वरच्या पहिल्या साच्यातली, छापल्यापेक्षा जास्त भरत नाही ना ते बघायला. तेवढंच तिचं काम ठरवून दिलेलं होतं.

आणि शनिवारची रीत? ती चालूच राहिली. गल्लीतली पोरं एव्हाना मोठी होऊन पांगली होती, तो माल आता मोठी माणसंच खात आणि रविवारी जरा उशिरा उठत. कुणी लबाडी केली असं नाही. चाळीस वर्षांची रीत मोडायची हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं, इतकंच.

आता भिंगरी. ही पाकवाल्यांची नात, वय साडेचार. नाव काही वेगळंच ठेवलं होतं, पण सहाव्या महिन्यापासून ती जी गरगरायला लागली ती थांबलीच नाही. जावई लांबच्या शहरात कामाला, महिन्यातून एकदा येणारे. लेक दूध डेअरीत पिशव्या भरण्याच्या यंत्रावर, पाळी पहाटे पाचची, तेवढा वेळ भिंगरी आजीकडे. आणि ही बया रात्री अकराला विचारणार, "आई, माशाला घाम येतो का?" बारा वाजता, "येत असला तर कळतं कसं?"

लेकीचे डोळे खोल गेले. एका सकाळी यंत्रावर तिला डुलकी लागली आणि पिशव्या कापणाऱ्या पात्याने बोटाचं टोक उचललं. नखाएवढंच. पण पाकवाल्यांनी ती पट्टी बघितली आणि त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"बाबा, तुमच्या कारखान्यात ती झोपेची जेली होते ना?" लेकीनेच विषय काढला. "शेजारची देते तिच्या मुलाला. आणता का?"

"आणतो की! दुकानातून कशाला घेतेस, घरचं आहे."

आजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, एवढ्याशा पोरीला झोपेचं औषध?"

"औषध नाही गं ते. पूरक आहे. डबीवर छापलंय."

"पूरक म्हणजे काय?"

"पूरक म्हणजे..." पाकवाले अडले. "म्हणजे जे औषध नाही ते."

"मग झोप कशाने येते?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय आहे."

झोप मात्र आली. पहिल्याच रात्री भिंगरी नऊ वाजता, एक प्रश्न अर्धवट सोडून, झोपली. लेकीचा सकाळी फोन आला तो रडवेला. सलग सात तास झोपले म्हणाली. पाकवाल्यांना वाटलं, आपण उभ्या जन्मात एवढ्या गोळ्या केल्या, पण कुणाच्या उपयोगी पडलो ते आज. दीडेक महिना असा गेला. मधून एखाद्या रात्री झोप लागली नाही तर लेक विचारी, "बाबा, अजून एक देऊन बघू?" आणि पाकवाले म्हणत, "दे की. साखरच आहे." त्या डबीतल्या, साच्यातल्या जेली होत्या.

एका शनिवारी डबी संपली होती. पाकवाल्यांच्या डब्यात तळाचा माल होता. साच्यातला ससा नाही, सुरीने कापलेले अंगठ्याएवढे ठोकळे, गडद लाल.

रविवारी दुपारी भिंगरी आजोबांकडे होती. लेकीची सुट्टी होती, ती दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या खोलीत जरा पडली होती. तिला आठवड्यातली तेवढीच दुपार मिळायची. जेवण झालं. आजीने पाठ टेकली. भिंगरी खाटेवर उड्या मारत होती.

"भिंगरे, झोप आता थोडी."

"झोप येत नाही. तू गोष्ट सांग."

"गोष्ट झाली. खाऊ देऊ?"

त्यांनी डबा उघडला. एक ठोकळा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो चघळला आणि तिचे डोळे लकाकले. "आजोबा, हा सशापेक्षा भारी आहे!"

एकेचाळीस वर्षांच्या पाकवाल्याला याहून मोठं पदक कुठलं? त्यांची छाती भरून आली. "मग! तुझी आई याच्यावरच मोठी झाली. तळाचा माल आहे हा."

"अजून."

त्यांनी अजून एक दिला.

अडीचला भिंगरी झोपली. पाकवाल्यांनी तिच्या अंगावर चादर घातली आणि आजीला खुणेने दाखवलं, बघ. साडेचारला आजी उठवायला गेली. भिंगरीने डोळे उघडले नाहीत. आजीने गालाला हात लावला, हलवलं, हाक मारली. पोर नुसती सैल. मग तिला उलटी झाली, झोपेतच. आजीने तिला चटकन कुशीवर वळवलं नसतं तर काय झालं असतं ते पाकवाले आजही मनात येऊ देत नाहीत. श्वास चालू होता, पण मध्येच तो थांबल्यासारखा व्हायचा आणि पुढचा येईपर्यंत ती दोघं म्हातारी माणसं आपलाही श्वास धरून उभी राहायची.

रिक्षातून दवाखाना दहा मिनिटांवर होता. भिंगरी त्यांच्या मांडीवर होती. ही पोर मांडीवर कधी दहा पळं स्थिर बसली नव्हती.

डॉक्टर बाई तरुण होत्या. भिंगरीला आत नेलं, नाकाला नळी लावली, हातात सुई घातली, आणि त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "आजोबा, काय खाल्लंय तिने?"

"झोपेची जेली. दोन."

"कुठली? डबी आणलीय?"

"डबी नाही. सुटी आहे. म्हणजे... मीच करतो ती. आमच्या कारखान्यात."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली. "बरं झालं. मग तुम्हीच सांगा. एकात मेलाटोनिन किती?"

"एक मिलिग्रॅम. डबीवर तसंच छापतात."

"दोन मिलिग्रॅमने एवढं होत नाही, आजोबा. नीट आठवा. नक्की किती होतं?"

पाकवाले म्हणाले, "ही साच्यातली नव्हती. तळाची होती."

"तळाची म्हणजे?"

मग पाकवाले सांगायला लागले. भांबावलेला माणूस जे येतं ते बोलतो, आणि त्यांना हेच येत होतं. कढई कशी उतरवतात, ढवळणी का बंद करायची, दहा मिनिटं कसा हात लावायचा नाही. हातवारे करून सांगू लागले. "विसावा दिला ना, डॉक्टर, की हलकं असतं ते वर येतं, हवा, फेस, आणि जे जड असतं ते..."

इथे ते थांबले. हात तसाच हवेत राहिला, तळवा जमिनीकडे.

"खाली बसतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

पाकवाले बाकावर बसले. पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी इतकंच सांगितलं, "मला माहीत नाही. मीच केली, पण मला माहीत नाही तिच्यात किती आहे."

डॉक्टर चिडल्या नाहीत. "तुम्हालाच नाही, कुणालाच माहीत नसतं बऱ्याचदा," त्या म्हणाल्या. "औषधाची जशी तपासणी होते तशी याची होत नाही. डबीवर एक आणि आत भलतंच, असं होतं. म्हणून आम्ही सांगतो, विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका. बहुतेक मुलं निभावतात यातून. आपण लक्ष ठेवू." आणि त्या घाईने आत गेल्या.

लेक आली तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्या पायात शेजारणीची. "बाबा, काय झालं? काय दिलंत?"

"दोन."

"दोन काय, बाबा?"

त्यांना "तळाचा माल" हे शब्द तोंडातून काढवेनात. आजीने सांगितलं. लेकीने भिंतीला हात टेकला. लहानपणापासून त्या शब्दाने तिच्या तोंडाला पाणी सुटत आलं होतं. ती आत गेली आणि पडदा ओढला गेला.

भिंगरी वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले आणि नळीला बोट लावून विचारलं, "ही कुणाची आहे?" सगळा दवाखाना हसला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाकवाले फाटकाशी उभे होते. लेक भिंगरीला खांद्यावर घेऊन रिक्षात बसली आणि म्हणाली, "बाबा, आई, तुम्ही दमला असाल. घरी जा." अपशब्द एक नाही. एखादा काढला असता तर पाकवाल्यांनी तो औषधासारखा घेतला असता.

पुढच्या शनिवारी आजीने फोन केला. "आणतेस ना उद्या तिला?"

"आई, सध्या नको."

सध्या हा मोठा सभ्य शब्द आहे. त्याला ना तारीख, ना वार. त्यानंतरच्या शनिवारीही सध्याच होतं. भिंगरीला डेअरीजवळच्या एका बाईंकडे ठेवायला सुरुवात केली होती. आजी एकटी जाऊन भेटून यायची आणि घरी आल्यावर मुद्दाम काही सांगायची नाही. मग पाकवालेच विचारत, "जेवते का?" "जेवते." "बोलते?" "बोलते की." "माझं काही..." आजी पाणी प्यायला उठे.

इकडे पाकवाल्यांनी एक गोष्ट केली होती. दवाखान्यातून सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते डबा घेऊन कोटवाल्या बाईच्या टेबलाशी गेले. आतले उरलेले ठोकळे तिच्यासमोर ठेवले. "मॅडम, यात किती आहे ते काढून द्या."

"काका, हे विकायचा माल नाही. मला फक्त वरचा साचा तपासायला..."

"माझी नात आहे, मॅडम."

बाईने तपासलं. वरच्या साच्यातली, मधली, शेवटच्या साच्यातली आणि तळाचा ठोकळा. चार दिवस लागले. कागद हातात देताना तिने आकड्यावर बोट ठेवलं. पहिल्या साच्यात अर्धा मिलिग्रॅम, मधल्यात एक, शेवटच्यात चार. तळाच्या ठोकळ्यात एकोणतीस.

"काका, मी तेव्हाच जोर लावून बोलायला हवं होतं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही बोलला होता," पाकवाले म्हणाले. "आम्ही हसलो होतो."

धाकटे मालक समजूतदारपणे बोलले. "काका, तळाचा माल तुम्ही घरी नेला, तो आपला विकायचा नव्हताच. घरातली गोष्ट घरात ठेवू. बाहेर कशाला?"

"आणि शेवटच्या साच्यातला? तो डब्यांतून गेलाय. लोकांच्या घरी. त्यांनाही पोरं आहेत."

"चारने काही होत नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक? मला तरी कुठे ठाऊक होतं?"

त्यांनी बाईच्या कागदाखाली आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या. भुकटी टाकून ढवळणी मी बंद करत असे, दहा मिनिटं, प्रत्येक कढईला, पहिल्या दिवसापासून. खाली सही केली. ते लिहिताना त्यांना जो त्रास झाला तो मरणाचा नव्हता, त्याहून बारीक होता. ज्या दहा मिनिटांवर त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली होती, ती दहा मिनिटं त्यांनी स्वतःच्या अक्षरात गुन्हा म्हणून लिहिली. तो कागद तपासणी खात्याकडे गेला, दुकानांतल्या डब्या परत मागवल्या गेल्या, कढया थंड झाल्या. पाकवाल्यांना घरी बसा म्हणून सांगण्यात आलं. निरोपाला हार नव्हता, नारळ नव्हता. मुंग्यांनीही आठवड्याभरात येणं सोडलं.

बाईने त्या कागदाची एक प्रत त्यांना दिली होती. दवाखान्यानंतरच्या पाचव्या रविवारी सकाळी दहाला पाकवाले ती घडी करून लेकीकडे गेले. आजीला सांगितलं नाही. जिना चढून दार वाजवलं.

लेकीने दार उघडलं. दारातच उभी राहिली. "बाबा?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना, किती होतं म्हणून. तेव्हा मला सांगता आलं नाही." त्यांनी कागद पुढे केला. "एकोणतीस. एकात. दोन दिल्या मी. म्हणजे..."

"अठ्ठावन्न," लेक म्हणाली. तिने कागद वाचला, बापाच्या अक्षरातल्या चार ओळींसकट. मग म्हणाली, "आता हा आकडा घेऊन मी काय करू, बाबा?"

"काही नाही. तुला ठाऊक असावा. मी लपवला असं नको."

"तुम्ही कधी काही लपवलं नाहीत हो. मीच म्हटलं होतं ना, आणता का म्हणून? अजून एक देऊन बघू का, असंही मीच विचारायचे. तुम्ही समोर आलात की मला तुमचा राग येत नाही, बाबा. मला माझाच आवाज ऐकू येतो. म्हणून सध्या नको म्हणत होते. आणि तिला तुमच्याकडे पाठवायचं म्हटलं की हे हात तिला सोडतच नाहीत." तिने हात पुढे केले. एका बोटाचं टोक किंचित चपटं होतं.

पाकवाल्यांना ते हात धरायचे होते. ते धरले नाहीत.

तेवढ्यात लेकीच्या मागून भिंगरी आली. आईच्या कमरेमागून अर्धी. जराशी वाळली होती. आजोबांना बघून धावली मात्र नाही.

"आजोबा, मी आता आपली आपण झोपते."

"हो? शहाणी माझी."

"आई दिवा घालवते ना, तेव्हा मी डोळे मिटते. झोप नाही आली तरी मिटते. काही विचारत नाही." ती जरा पुढे झाली. "मी जागी राहायचे म्हणून मला सुई टोचली होती ना? आता नाही राहत जागी. मग येऊ तुझ्याकडे?"

लेकीने तोंड फिरवलं.

पाकवाले दाराबाहेर पायरीवर बसले, म्हणजे तिच्या उंचीचे झाले. "नाही गं राजा. तू जागी राहिलीस म्हणून नाही. तुझं काही चुकलं नाही. आजोबा चुकला. खाऊत काय आहे ते आजोबाला कळलं नाही."

भिंगरीने विचार केला. "मग तुला टोचली सुई?"

"नाही."

"का?"

माशाला घाम येतो का, हे तिने विचारलं तेव्हा पाकवाल्यांनी काहीबाही उत्तर दिलं होतं. त्यांच्या मिशीवरून पाणी खाली आलं ते तिने बोटाने टिपलं आणि सवयीने ते बोट तोंडाकडे नेलं. मग मध्येच थांबून तिने आईकडे पाहिलं. चालेल का, असं. आईने काही म्हणायच्या आत तिने ते फ्रॉकला पुसलं.

लेक म्हणाली, "बाबा, तिला तिकडे नाही पाठवता येणार मला. पण तुम्ही येत जा. रविवारी. मी घरी असते तेव्हा."

आता पाकवाले दर रविवारी दहाला जातात. आजी कधी बरोबर असते, कधी नसते. आत जायच्या आधी दारातच ते सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे करतात आणि लेकीला दाखवतात. तिने असं करायला कधी सांगितलं नाही. पहिल्या रविवारी त्यांनी ते केलं तेव्हा ती "बाबा, हे काय!" म्हणून रडली. दुसऱ्या रविवारी नुसती बघत राहिली. नको मात्र तिने कधीच म्हटलं नाही, आणि खिसे दिसले की तिचे खांदे जरासे खाली येतात हे पाकवाल्यांना दिसतं. ते पुरतं त्यांना. मग ते दाराजवळच्या खुर्चीत बसतात, हात मांडीवर ठेवून.

भिंगरीला हा नवा खेळ वाटतो. तीही पळत येऊन आपल्या फ्रॉकचे खिसे उलटे करते. त्यातून खडूचा तुकडा पडतो, एखादं बटण पडतं. "माझ्याकडे पण काही नाही!" ती हात झटकून सांगते, आणि आजोबा वाकून बटण शोधायला लागतात.